चावरा पोपट: उपाय किती, खरे किती?

पोपटाचं पिल्लू घरी आलं की पहिले काही दिवस कौतुकात जातात. मग एकदा ते बोट धरतं आणि सोडत नाही. त्या संध्याकाळी घरातल्या प्रत्येकाकडे एकेक उपाय तयार असतो. आजी सांगते, चोचीवर टिचकी मार. दुकानदार सांगतो, हातमोजा घाला, आठ दिवसांत गुमान बसेल. शेजारचे काका पंख कापायला सांगतात, मोबाइलवरच्या व्हिडिओत कोणी तोंडावर फुंकर मारतं, तर कोणी हातात काडी घेऊन बसलेलं असतं. यातलं काय टिकतं आणि काय टाकून द्यावं, हे एकदा नीट तपासून पाहायला हवं.

मानपाडा म्हटलं की ठाणेकराला घोडबंदर रस्त्यावरचं, येऊरच्या डोंगराला टेकलेलं मानपाडा आठवतं आणि डोंबिवलीकराला कल्याण-शीळ रस्त्याजवळचं. दोन्हीकडे गावठाणाच्या जागी टॉवर उभे राहिले. वन बीएचकेत कुत्र्याला फिरवायला कोणाला वेळ नाही, पण मुलांना काहीतरी पाळायचं असतं, म्हणून ग्रिलमध्ये पिंजरा टांगला जातो. डोंगराच्या कडेच्या इमारतींवरून संध्याकाळी पोपटांचे थवे ओरडत जातात आणि त्यांचाच भाऊबंद खाली कुठल्यातरी खिडकीत दांडीवर बसलेला असतो. चावण्याची गोष्ट इथूनच, म्हणजे पिंजऱ्यात नेमका कोणता पोपट आहे इथून सुरू होते.

पिंजऱ्यात कोण आहे?

आपल्याकडे ‘पोपट’ या एका नावाखाली बरेच पक्षी खपतात. हिरवा, लाल चोचीचा, गळ्यात कंठ असलेला आपला देशी राघू. त्याच्याहून मोठा, खांद्यावर लाल डाग असलेला करण पोपट, ज्याला विक्रेते ‘पहाडी’ म्हणतात. मग परदेशी मंडळी: आपण सरसकट ‘लव्हबर्ड’ म्हणतो ते बहुतेक वेळा ऑस्ट्रेलियाचे बजरीगर असतात, दुकानातलं ‘कॉकटेल’ म्हणजे कॉकॅटील, शिवाय सन कोन्युअर, क्वेकर आणि बजेट मोठं असेल तर आफ्रिकन ग्रे.

चावण्याच्या बाबतीत यांचे स्वभाव वेगळे. बजरीगरचा चावा चिमट्याएवढा. कॉकॅटील सहसा आधी फुसकारतो, मग चावतो. कोन्युअर खेळाच्या भरात चावतो, आणि खेळ जितका रंगतो तितका चावा वाढतो. क्वेकर बाहेर गोड असतो, पण पिंजऱ्यात हात घातला की अंगावर येतो. देशी राघूचं पिल्लू काही महिन्यांचं झालं की एक काळ असा येतो की कालपर्यंत हातावर बसणारा पक्षी आज मान ताणून धावून येतो. परदेशातले पाळणारे याला ‘ब्लफिंग’ म्हणतात, कारण यात दम देणं जास्त आणि खरं चावणं कमी असतं. हा काळ काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ओसरतो. मात्र त्या काळात पक्ष्याला मार बसला, तर दम देण्याचं रूपांतर कायमच्या चावण्यात होतं.

आणखी एक गोष्ट विक्रेता सांगत नाही. राघूच्या नराच्या गळ्यातला कंठ दीड ते तीन वर्षांचा होईपर्यंत येतच नाही. त्यामुळे ‘नर आहे, पटकन बोलेल’ असं सांगून विकलेलं पिल्लू नर आहे की मादी, हे विकणाऱ्यालाही नुसतं बघून कळत नाही. ज्या पक्ष्याबद्दल पहिली माहितीच अंदाजाची असते, त्याच्या स्वभावाची हमीही तशीच समजावी.

चावा येण्याआधी काय होतं?

पोपटाला चोच हा तिसरा पाय आहे आणि हातही. चढताना तो चोचीने आधार घेतो. नवी वस्तू दिसली की चोच आणि जीभ लावून ती कठीण आहे की मऊ, हलते की नाही, हे तपासतो. तुमच्या हातावर चढण्याआधी पिल्लू बोटाला चोच टेकवतं ते फांदी भार पेलेल का, हे पाहायला. नेमक्या त्याच क्षणी घाबरून हात मागे ओढला तर त्याच्या दृष्टीने फांदी मोडली. पुढच्या वेळी ते जास्त घट्ट धरतं. पुष्कळ घरांत ‘चावरेपणा’ची सुरुवात एवढ्यावरून होते.

खरा चावा वेगळा आणि त्याची आगाऊ सूचना मिळते. पिंजऱ्याचं दार उघडून हात आत गेला की पक्षी आधी थिजतो. अंगावरची पिसं चप्प बसतात, मान लांब होते, वजन मागच्या बाजूला जातं. काही पक्षी उलट मानेवरची पिसं फुलवतात, शेपटी पंख्यासारखी उघडतात. बुबुळ भराभर लहान-मोठं होऊ लागतं. राघूच्या पिल्लाचे डोळे गडद असतात, त्यामुळे ही खूण त्याच्यात नीट दिसत नाही. तिथे पिसांकडेच पाहावं लागतं. मग चोच किंचित उघडते. हात तरीही पुढे सरकतो. एक पाऊल मागे, आणि मागे जागा संपली की चावा. हे सगळं दोन-तीन सेकंदांत घडतं, आणि बोट धरून बसलेला माणूस नंतर सांगतो, ‘काही कारण नसताना चावला.’

कारणं मोजकीच आहेत. भीती हे सर्वांत मोठं. मग अपुरी झोप: पोपटाला दहा ते बारा तास अंधार आणि शांतता लागते, आणि आपल्या हॉलमध्ये टीव्ही रात्री साडेअकराला बंद होतो. पिसं झडून नवी येत असतात तेव्हा कोवळ्या पिसांना हात लागला तरी दुखतं. वयात आलेल्या पक्ष्याच्या पाठीवरून, पंखांखालून हात फिरवला की त्याचा विणीचा जोर चढतो. गोंजारायचंच तर फक्त डोकं आणि मान. सोफ्याखालचा अंधारा कोपरा किंवा खोका सापडला की पक्षी ते घरटं समजून राखायला लागतो. आणि आजार. आजवर न चावणारा पक्षी अचानक चावायला लागला, अंग फुगवून बसला, विष्ठा बदलली, तर शिकवणी थांबवून आधी पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याकडे न्यावं. ठाण्यात असा डॉक्टर सापडला नाही तर परळला १८८६ साली सुरू झालेलं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

जुने उपाय

पोपट पढवणं ही आपल्याकडची फार जुनी विद्या. कामसूत्रातल्या चौसष्ट कलांच्या यादीत पोपट-मैनेला बोलायला शिकवणं ही एक कला आहे. सम्राट अशोकाने आपल्या स्तंभलेखात ज्या प्राण्या-पक्ष्यांना मारण्यावर बंदी घातली त्यांतही पोपट येतो. घरोघरी ‘विठू विठू’ पढवणारे आजोबा आपण पाहिलेत. ही सारी मेहनत पोपटाच्या बोलण्यावर होती. चावणं हा त्याचा स्वभाव किंवा खोडी मानली गेली, आणि खोडीला उपाय शिक्षेचा.

टिचकी, फुंकर, पाण्याचा फवारा, पिंजऱ्यावर काठी आपटणं, हे सगळे एकाच जातीचे उपाय. यांनी पक्षी त्या क्षणी थांबतो, म्हणून उपाय लागू पडला असं वाटतं. पण भीतीमुळे चावणाऱ्याची भीतीच आपण वाढवतो. त्यातून दुसरं नुकसान होतं: पक्षी इशारे द्यायचं सोडतो. पिसं चप्प करून उपयोग होत नाही, मागे सरकून उपयोग होत नाही, हे कळलं की तो थेट चावतो. चोचीवर टिचकी मारणारा हात पक्ष्याच्या लेखी कायमचा शत्रू ठरतो आणि दाणे देणाराही तोच हात असतो.

हातमोज्याने माणसाचं बोट वाचतं, पण पक्षी मोज्याला घाबरायला शिकतो आणि मोजा काढल्यावर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. औषध देताना किंवा तपासताना डॉक्टर टॉवेल वापरतात ते योग्यच. रोजच्या शिकवणीत मोजा नको. चावल्यावर हात हलवून पक्ष्याचा तोल घालवणं हा उपायही बराच सांगितला जातो. त्याने पक्ष्याला कळतं एवढंच, की या माणसाच्या हातावर बसणं धोक्याचं.

पाश्चात्त्य देशांत काही काळ ‘तुम्ही साहेब, पक्षी नोकर’ असा पंथ जोरात होता. पक्ष्याला डोळ्यांच्या वर बसू देऊ नका, पुन्हा पुन्हा हातावर चढायला लावा, म्हणजे तो नमतो, असं त्यांचं म्हणणं. उंचीवर बसलेला पोपट जास्त सुरक्षित आणि म्हणून जास्त हट्टी असू शकतो, हे खरं. त्यामागे सत्तेचा हिशेब असतो याला मात्र आधार मिळाला नाही, आणि आजचे बहुतेक शिक्षक ही भाषा वापरत नाहीत.

पंख कापण्याबद्दल अजून मतभेद आहेत. कापण्याच्या बाजूचा मुद्दा आपल्या घरांत हलका नाही: छताचा पंखा, उघडी खिडकी, उकळता कुकर, बाहेर कावळे-घारी. पण घाबरलेल्या पक्ष्यापुढे उडून जाणं आणि चावणं हे दोनच रस्ते असतात. पहिला बंद केला की दुसरा उरतो. पंखा बंद ठेवणं, खिडकीला जाळी लावणं आणि पक्षी बाहेर असताना स्वयंपाकघर बंद ठेवणं याने जे साधतं, त्यासाठी पंखांना कात्री लावायची गरज नाही. नॉनस्टिक तवा जास्त तापला तर त्याच्या वाफेने पक्षी मरतो, हेही इथेच सांगून ठेवावं.

बक्षिसाची पद्धत

दुसरी वाट प्रयोगशाळेतून आली. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी १९३८ सालच्या पुस्तकात मांडलं, की वागण्याचं पुढे काय होतं यावर ते वागणं टिकतं की विरतं हे ठरतं. त्यांनी पुढे कबुतरांवर भरपूर काम केलं. डॉल्फिन शिकवणाऱ्या कॅरन प्रायर यांनी १९८४ साली ‘डोन्ट शूट द डॉग’ लिहून ही पद्धत सामान्य माणसापर्यंत नेली. पोपटांच्या पाळकांत ती रुजवण्याचं मोठं काम युटा स्टेट विद्यापीठातल्या सुसान फ्रीडमन यांनी केलं. त्यांचा आग्रह असा, की पक्ष्याला काय होतंय यावर त्याचा स्वतःचा थोडा ताबा हवा. नको म्हणायची सोय असलेला प्राणी सहज हो म्हणतो.

या चष्म्यातून चाव्याकडे पाहिलं की हिशेब सरळ होतो. हात आला, पक्षी चावला, हात गेला. पक्ष्याला हवं ते मिळालं, म्हणून उद्या पुन्हा चावेल. यावर काहींनी सल्ला दिला, की चावला तरी हात हलवू नका, सोसा. कागदावर बरोबर, पण राघूच्या चोचीत बोट असताना कोणाच्याने होत नाही; आणि सोसूनही भीती तशीच राहते. जास्त शहाणपणाचा मार्ग असा, की चाव्यापर्यंत वेळच येऊ द्यायची नाही. पिसं चप्प झाली, वजन मागे गेलं, की तेव्हाच हात मागे घ्यायचा. आता पक्षी शिकतो की साध्या इशाऱ्याने काम होतं, चावायची गरज नाही.

शास्त्रज्ञ आयरिन पेपरबर्ग यांचा आफ्रिकन ग्रे ॲलेक्स याचं उदाहरण इथे बोलकं आहे. १९७७ साली शिकागोच्या दुकानातून आणलेला हा पोपट २००७ साली वारला, तोवर रंग, आकार, संख्या ओळखण्यासाठी जगभर गाजला होता. सततच्या प्रश्नांना कंटाळला की तो ‘परत जायचंय’ अशा अर्थाचे इंग्रजी शब्द बोलायचा. बहुतेक पोपटांकडे असे शब्द नसतात. त्यांच्याकडे पिसं, मान आणि शेवटी चोच असते.

लहानपणच्या हाताळणीचा परिणाम कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठात जेम्स मिलॅम आणि सहकाऱ्यांनी तपासला. ॲमेझॉन पोपटांची पिल्लं आईबापांकडेच ठेवून त्यांना रोज थोडा वेळ हाताळलं, तर ती पुढे माणसाला बरीच सरावलेली राहतात, असं त्यांना दिसलं. म्हणजे माणसाळण्यासाठी पिल्लू आईबापांपासून तोडून सिरिंजने भरवायलाच हवं, हा बाजारातला समज खरा नाही. आपल्याकडे मात्र उलटं चालतं. स्वतःचं खाता न येणारं पिल्लू ‘हँडफीड’ म्हणून विकलं जातं, नवख्या घरात त्याला गरम किंवा गार खाणं भरवलं जातं, आणि भुकेने कावलेलं पिल्लू दिसेल त्या बोटावर तुटून पडतं. स्वतः खाणारं, भावंडांत वाढलेलं पिल्लू घेणं हा चावरेपणावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

प्रत्यक्ष शिकवणी

पहिले काही दिवस हात नकोच. पिंजऱ्याजवळ बसून बोला, जाळीतून आवडीचा घास द्या. पक्षी मागे सरकत असेल तर तुम्ही जास्त जवळ आहात. एरवीच्या वाटीत न टाकलेला पदार्थ बक्षिसाला ठेवा: सूर्यफुलाची एक बी, डाळिंबाचा दाणा, पेरूची फोड, हिरव्या मिरचीचा तुकडा. मिरचीचा तिखटपणा पक्ष्यांना लागत नाही, कारण सस्तन प्राण्यांना जळजळ जाणवते ती जाणीव त्यांच्या शरीरात तशी चेतत नाही. चहा, चॉकलेट, खारे दाणे आणि ॲव्होकॅडो मात्र कधीच नको.

मग काडी. आइस्क्रीमची स्वच्छ काडी पुढे धरा. पक्ष्याने टोकाला चोच लावली की लगेच ‘वा!’ म्हणा आणि घास द्या. ‘वा’ आणि घास यांत उशीर नको, नाहीतर बक्षीस कशाचं ते त्याला कळत नाही. काडीला चोच लावणं जमलं की काडी थोडी लांब धरा. तो काडीमागे दोन पावलं येतो, मग दारापर्यंत, मग बाहेर. पिंजरा त्याचं घर आहे. त्यात हात घालून ओढण्यापेक्षा त्यालाच बाहेर येऊ द्यावं.

हात येतो तो यानंतर, आणि फांदीसारखा स्थिर. काडी अशा जागी धरा की तिथवर पोचायला त्याला हातावर पाय ठेवावा लागेल. एक पाय ठेवला तरी घास. दोन्ही पाय आले की ‘ये’ हा शब्द जोडा. पोटाला बोट खुपसून चढायला भाग पाडू नका. तो बाजूला झुकला तर हात खाली घ्या, थोडं थांबा, पुन्हा विचारा. एका वेळी तीन ते पाच मिनिटं पुरतात. जेवणाआधीची वेळ बरी, पण उपाशी ठेवून शिकवणं हा छळ झाला. शेवट नेहमी जमलेल्या गोष्टीवर करा.

खेळात चावणाऱ्या पिल्लाला चोचीचं काम द्या: पेरूची डहाळी, मक्याचं कणीस, तुरीच्या शेंगा, कागदात गुंडाळलेले भिजवलेले हरभरे. चोच बोटाकडे वळली की बोटाऐवजी डहाळी पुढे करा. खेळ फार रंगला तर आरडाओरडा न करता पक्ष्याला दांडीवर ठेवा आणि थोडा वेळ लक्ष काढून घ्या. लहान पक्ष्याला खांद्यावर बसवू नका. तिथून कान, कानातलं आणि मंगळसूत्र त्याच्या चोचीच्या टप्प्यात येतं आणि त्याची पिसं तुम्हाला दिसत नाहीत.

खरी अडचण घरच्यांची असते. एकाने हात शांत ठेवला, दुसरा किंचाळला, तिसरा हसला, तर पोपटाला हा सगळा तमाशा बक्षीसच वाटतो. कधी फळ मिळतं, कधी नाही, असं वागणं सर्वांत चिवट होतं. नियम सगळ्यांचा एकच हवा. आणि नियम पाळायला सुरुवात केल्यावर काही दिवस चावणं वाढू शकतं, कारण जुना उपाय चालत नाही म्हणून पक्षी तो जास्त जोराने करून पाहतो. तेव्हा माघार घेतली तर तो जोरच पक्का होतो.

चावा लागलाच तर साबण-पाण्याने धुवा आणि जखम खोल असेल तर धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना विचारा. रेबीजची भीती नको; तो सस्तन प्राण्यांचा रोग आहे.

कायद्याची बाजू

हा सगळा अभ्यास देशी राघूवर करायला कायद्याने मनाई आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ नुसार राघू, करण पोपट असे आपले सगळे देशी पोपट संरक्षित आहेत. त्यांना पकडणं, विकणं, विकत घेणं, पाळणं गुन्हा आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तरी उन्हाळ्याच्या तोंडाशी ढोलीतून काढलेली पिल्लं बाजारात येतात. ढोलीतून ओढून, पिशवीत कोंबून आणलेलं पिल्लू माणसाच्या हाताला घाबरून चावतं, यात शिकवण्याचा प्रश्नच नाही.

परदेशी पोपटांचं वेगळं. बजरीगर, कॉकॅटील, पीचफेस लव्हबर्ड यांच्यावर आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या ‘साइट्स’ करारातलं बंधन नाही. कोन्युअर, क्वेकर, आफ्रिकन ग्रे त्या करारात येतात आणि २०२४ च्या नियमांनुसार त्यांची नोंद केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर करावी लागते. दुकानदाराकडे कागद मागा. कागद नसतील तर पक्षी घेऊ नका.

घरात राघू आधीच असेल तर येऊरला नेऊन सोडू नका. हातावर वाढलेल्या पिल्लाला अन्न शोधता येत नाही आणि ते दोन दिवसांत कावळ्याच्या तोंडी जातं. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करून ते त्यांच्या ताब्यात द्या.

एवढ्या उपायांतून निकाल असा निघतो: मार, फुंकर, मोजा, कात्री हे टाकून द्यावेत, झोप, चोचीला काम, काडी आणि इशाऱ्यावर मागे येणारा हात हे ठेवावेत. याने चावणं शून्यावर येत नाही, कारण चोच असलेला प्राणी कधीतरी चोच वापरणारच, पण रक्त निघणं थांबतं. त्याला लागतात काही आठवडे, कधी काही महिने, आणि कॉकॅटील पंधरा-वीस वर्षं जगतो, आफ्रिकन ग्रे त्याच्या दुप्पट-तिप्पट. तेवढी वर्षं रोज थोडा वेळ देता येणार नसेल, तर पिंजरा घेऊ नका.